विश्लेषण : पाइनचे दार उन्हाळ्यात फट सोडते, पावसाळ्यात अडकते; लाकूड सगळीकडून सारखे का आकसत नाही?

लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनची गाडी लागली, की भावाआधी प्रश्न येतो, 'मॉइश्चर किती?' १२ टक्के हा तिथला ठरलेला आकडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हमीभाव खरेदीसाठी ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, तेव्हा मराठवाड्यातील शेतकऱ्यांमध्ये त्याचीच चर्चा होती. मात्र त्याच सोयाबीनच्या पैशातून घराला पाइनचे दार बसवताना लाकडाचे मॉइश्चर किती, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारला जातो तो घनफुटाचा भाव.

पुढच्या एप्रिल-मेमध्ये फळ्यांच्या जोडात फट पडते, चौकटीला वाक येतो, दाराचा एक कोपरा बाहेर निघतो. जुलैमध्ये तेच दार घासू लागते. घरमालक सुताराला बोलावतो, सुतार वखारवाल्याकडे बोट दाखवतो आणि वखारवाला म्हणतो, 'पाइन आहे, थोडे चालायचेच.' हा 'थोडा' फरक नेमका किती असतो, कशामुळे पडतो आणि तो टाळता येतो का, हे समजून घेऊ.

पाइन मराठवाड्यात येते कुठून?

मराठवाड्याचे घरचे लाकूड म्हणजे साग. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरचा पट्टा सागासाठी ओळखला जातो. लातूरमध्ये जंगल जवळपास नाहीच. राज्यात सर्वात कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. त्यामुळे इथे लाकूड बाहेरून आणण्याची पद्धत जुनीच आहे. सागाचे भाव वाढत गेले, तशी स्वस्त पर्याय म्हणून पाइनची मागणी देशभर वाढली.

बाजारात 'पाइनवुड' नावाने मिळणारे लाकूड एकाच जातीचे नसते. न्यूझीलंडमधील रेडिएटा पाइन, अमेरिकेच्या दक्षिण भागातील सदर्न यलो पाइन, उरुग्वेसारख्या देशांतील लागवडीचे पाइन, असे बरेच काही या एका नावाखाली विकले जाते. गुजरातमधील कांडला आणि मुंद्रा बंदरांवर ओंडके उतरतात, शेजारच्या गांधीधाममधील सॉ मिलमध्ये ते कापले जातात आणि फळ्या ट्रकने देशभर जातात. यंत्रसामग्रीसोबत आलेल्या खोक्यांचे आणि पॅलेटचे लाकूडही फर्निचरसाठी वापरले जाते. शिवाय फ्लश डोअर आणि ब्लॉकबोर्डच्या आतील पट्ट्याही अनेकदा पाइनच्या असतात. म्हणजे घरात पाइन आले आहे, हे अनेकांना माहीतही नसते.

यातील बहुतेक पाइन जंगलातील नसून लागवडीचे असते. रेडिएटा पाइन मूळचे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या पट्ट्यातले. १९व्या शतकात ते न्यूझीलंडला नेले गेले. आज तिथल्या लागवडीच्या जंगलात सुमारे ९० टक्के वाटा या एकाच झाडाचा आहे. ते साधारण २५ ते ३० वर्षांत तोडणीला येते. या वेगाने झालेल्या वाढीचा परिणाम लाकडाच्या वागण्यावर होतो. तो कसा, हे पाहण्याआधी ओलाव्याचे गणित पाहावे लागेल.

सोयाबीनचे १२ टक्के आणि लाकडाचे १२ टक्के सारखेच का?

नाही. सोयाबीनमध्ये १२ टक्के मॉइश्चर म्हणजे १०० किलो मालात १२ किलो पाणी. लाकडाची टक्केवारी मात्र पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात. १०० किलो कोरड्या लाकडासोबत १२ किलो पाणी असेल, तर ते १२ टक्के.

त्यामुळे ताज्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वरही जातो. नुकत्याच तोडलेल्या रेडिएटा पाइनच्या बाहेरच्या फिकट लाकडात तो १५० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे दर किलो कोरड्या लाकडामागे दीड लिटर पाणी. आतल्या गाभ्यात तो ४० ते ५० टक्केच असतो. एकाच ओंडक्याच्या दोन भागांत एवढा फरक असल्याने फळ्या वाळायलाही वेगवेगळा वेळ लागतो.

मग बाजारात धान्याचा ओलावा मोजतात आणि लाकडाचा मोजत नाहीत, असे का? धान्य वजनावर विकले जाते. ओल्या मालात व्यापाऱ्याला पाण्याचे पैसे मोजावे लागतात, म्हणून तो आधी यंत्र लावतो. लाकूड घनफुटावर विकले जाते. फळी ओली असो वा कोरडी, मापाच्या पट्टीला ते कळत नाही. नुकसान होते ते नंतर, ग्राहकाच्या घरी.

लाकूड आकसायला कधी लागते?

लाकूड म्हणजे बारीक, लांब नळ्यांचा गठ्ठा आहे असे समजा. पाणी दोन ठिकाणी असते. एक नळीच्या पोकळीत, दुसरे नळीच्या भिंतीत मुरलेले. लाकूड वाळू लागले, की आधी पोकळीतले पाणी जाते. या टप्प्यात लाकूड हलके होते, पण आकाराने जवळपास तेवढेच राहते. ओलावा १५० वरून ३० टक्क्यांपर्यंत आला, तरी फळीच्या मापात फारसा फरक दिसत नाही.

खरा बदल ३० टक्क्यांच्या खाली सुरू होतो. आता भिंतीत मुरलेले पाणी निघू लागते, भिंती बारीक होतात आणि फळी आकसते. या टप्प्याला तांत्रिक भाषेत 'फायबर सॅच्युरेशन पॉइंट' म्हणतात.

फसगत होते ती इथेच. २५ टक्के ओलावा असलेली फळी हाताला कोरडी लागते, रंध्याखाली चांगली चालते, वजनालाही हलकी वाटते. तिचे निम्म्याहून जास्त पाणी निघून गेलेले असते. मात्र तिचे आकसणे जवळपास सगळेच बाकी असते. ते होते घरात, रंग आणि पॉलिश झाल्यावर.

लांबी, रुंदी, जाडी सारखीच का कमी होत नाही?

ज्वारीच्या ओल्या कडब्याची पेंढी घट्ट बांधा आणि महिनाभराने पाहा. बंध सैल झालेला असतो, कारण प्रत्येक ताट बारीक झालेले असते. पेंढीची लांबी मात्र जवळपास तेवढीच राहते. लाकडाचेही तसेच आहे. नळ्या उभ्या असतात, त्यांच्या भिंतींतील सेल्युलोजचे सूक्ष्म धागेही बहुतांशी उभे असतात आणि पाणी या धाग्यांच्या मधे असते. पाणी गेले, की धागे एकमेकांजवळ येतात. त्यामुळे लाकूड आडवे आकसते, लांबीत फारसे नाही. चांगल्या, पक्व लाकडात लांबीतील घट ०.१ ते ०.२ टक्के एवढीच असते.

आडव्या दिशेतही दोन प्रकार आहेत. ओंडक्याचा कापलेला गोल तोंडावर पाहा. मध्यापासून सालीकडे जाणारी दिशा एक आणि वाढीच्या वलयांच्या कडेने जाणारी दिशा दुसरी. मध्यापासून सालीकडे काही आडव्या पेशींच्या ओळी गेलेल्या असतात. त्या त्या दिशेला लाकूड धरून ठेवतात, म्हणून तिथे आकसणे कमी. वलयांच्या कडेने असा आधार नसतो. शिवाय प्रत्येक वलयातील गडद, दाट पट्टा जास्त आकसतो आणि शेजारच्या मऊ पट्ट्याला सोबत ओढतो. म्हणून वलयांच्या कडेने आकसणे जास्त.

अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या 'वुड हँडबुक'नुसार रेडिएटा पाइन ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या कडेने सुमारे ६.७ टक्के, तर मध्यापासून सालीच्या दिशेने ३.४ टक्के आकसते. म्हणजे एका दिशेला दुप्पट. फळीतील बहुतेक बिघाडांचे मूळ या 'दुप्पट'मध्ये आहे.

- ओंडका अख्खा वाळवला, तर परीघ जास्त आकसतो आणि मध्य तेवढा आकसत नाही. मग सालीपासून मध्याकडे चीर जाते.
- चौरस खांबाचा तिरका, शंकरपाळ्यासारखा आकार होतो.
- ओंडक्याच्या कडेने कापलेल्या रुंद फळीची सालीकडची बाजू जास्त आकसते. फळी पन्हळीसारखी वाकते आणि खोलगट भाग सालीच्या बाजूला येतो.

आकड्यात सांगायचे, तर अशी कडेने कापलेली ८ इंच रुंद पाइनची फळी १५ टक्के ओलाव्यावरून ७ टक्क्यांवर आली, की तिची रुंदी सुमारे साडेतीन मिलिमीटरने कमी होते. अशा पाच फळ्या चिकटवून ४० इंची टेबलटॉप केला, तर एकूण घट १८ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या जवळ जाते. टॉप खालच्या चौकटीला खिळ्यांनी पक्का ठोकला असेल, तर त्याला आकसायला जागा नसते. मग तो मिळेल तिथे तडकतो.

हे सगळ्याच लाकडांना लागू आहे. मग पाइनचीच तक्रार जास्त का?

इथे लागवडीचा आणि वयाचा मुद्दा येतो. झाड लहान असताना, साधारण पहिल्या दहा वर्षांत जे लाकूड तयार होते ते कोवळे असते. त्याची वलये रुंद, भिंती पातळ असतात. महत्त्वाचे म्हणजे भिंतीतील ते सूक्ष्म धागे उभे नसून तिरके असतात. पक्व लाकडात धाग्यांचा कल १० ते २० अंश असतो, कोवळ्या लाकडात तो ३० ते ४५ अंशांपर्यंत जातो. धागे तिरके असल्याने ते जवळ येताना फळीची लांबीही कमी करतात.

कोवळे लाकूड प्रत्येक झाडात असते. शंभर वर्षांच्या झाडात ते मधल्या बारीक भागापुरते राहते. २५-३० वर्षांत तोडलेल्या झाडात मात्र पहिल्या दहा वर्षांचा भाग हा ओंडक्याचा मोठा हिस्सा असतो. त्यातून कापलेल्या फळीची एक कड कोवळ्या भागात आणि दुसरी कड पक्व भागात, असे सहज होते.

त्याचा परिणाम काय, ते गणिताने पाहू. ८ फुटी, ४ इंच रुंद फळी घ्या. एक कड लांबीत ०.१ टक्के आणि दुसरी ०.३ टक्के आकसली, तर दोन कडांच्या लांबीत फरक पडतो अवघा ५ मिलिमीटरचा. पण फळी धनुष्यासारखी वाकते आणि मध्यावर १४ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त बाक येतो. चौकटीच्या उभ्या बाजूला एवढा बाक आला, की दार लागणार कसे?

दुसरे कारण पीळ. पाइनच्या खोडात तंतू सरळ वर न जाता मध्याभोवती थोडे गोल फिरत जातात. दोरीसारखेच. रेडिएटात हा पीळ मध्याजवळच्या वलयांत जास्त असतो. आपल्याकडे हिमाचल-उत्तराखंडमधील चीड पाइनही अशा पिळासाठी ओळखले जाते. पिळाचे लाकूड वाळताना फिरते. फळी सपाट फरशीवर ठेवली, तर तीन कोपरे टेकतात आणि चौथा वर राहतो. रंधा मारून तो तात्पुरता सरळ करता येतो, पण ओलावा बदलला की पुन्हा फिरतो.

तिसरे कारण म्हणजे 'कम्प्रेशन वुड'. उतारावर किंवा सततच्या वाऱ्यात वाढलेले पाइन एका बाजूला कलते. स्वतःला सावरण्यासाठी ते कललेल्या बाजूच्या खाली वेगळे, दाट, तांबूस लाकूड तयार करते. हे लाकूड लांबीत १ ते २ टक्के आणि कधी त्याहूनही जास्त आकसते. म्हणजे सामान्य लाकडाच्या दहापट. फळीच्या एका कडेला याचा पट्टा असेल, तर ती कितीही काळजीने वाळवली तरी वाकते.

साग आकसत नाही का?

आकसतो. 'वुड हँडबुक'मध्ये सागाचे आकडे ५.८ आणि २.५ टक्के असे आहेत. दोन्ही पाइनपेक्षा कमी, पण दोन दिशांमधील तफावत पाहिली तर सागात ती दुपटीहून जास्त आहे. म्हणजे 'साग सगळीकडून सारखा आकसतो म्हणून चांगला' हा समज बरोबर नाही.

साग शांत राहतो तो इतर कारणांनी. त्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो हवेतील ओलावा सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो. जुन्या झाडांचा असेल तर त्यात कोवळ्या लाकडाचा वाटा कमी असतो. आता लागवडीचा, कमी वयात तोडलेला सागही बाजारात येतो. त्याच्याकडून जुन्या वाड्यातील सागासारखी अपेक्षा ठेवता येणार नाही.

इथे सवयीमुळे एक चूक होते. सागात गाभ्याला मान आहे. गडद, टिकाऊ, वाळवी न लागणारा भाग म्हणजे गाभा, म्हणून सुतार आणि घरमालक दोघेही मधले लाकूड मागतात. पाइनमध्ये गणित उलटे आहे. त्याचा मधला भाग सर्वात कोवळा, सर्वात पिळाचा आणि सर्वात जास्त वाकणारा. दार-चौकटीसाठी पाइनचे बाहेरचे, सालीकडचे लाकूड सरळ राहते. वाळवीपासून मात्र त्याला प्रक्रिया करूनच जपावे लागते.

लातूर-नांदेडची हवा काय करते?

लाकूड एकदा वाळले की संपले, असे होत नाही. ते आयुष्यभर हवेसोबत ओलावा घेत-सोडत राहते. हवेत जेवढी आर्द्रता असेल त्यानुसार लाकडाचा ओलावा एका आकड्यावर स्थिरावतो. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा वेळी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडाचा ओलावा ४ ते ५ टक्क्यांकडे सरकतो. ऑगस्टमध्ये पारा २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तोच आकडा १५ ते १६ टक्क्यांकडे जातो.

घरातील, रंग लावलेले लाकूड ही दोन्ही टोके गाठत नाही. त्याला वेळ लागतो आणि तोवर ऋतू बदलतो. तरीही वर्षभरात काही टक्क्यांचा फेर होतोच. त्यामुळे १२ टक्क्यांपर्यंत वाळवलेले लाकूड मुंबई किंवा कोकणात ठीक असले, तरी लातूरच्या उन्हाळ्यात त्याला आणखी आकसणे बाकी असते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात याच कारणाने देशाचे हवेतील आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत आणि कोणत्या वापरासाठी लाकडात किती ओलावा चालेल, हे विभागवार दिले आहे. लाकूड कसे वाळवावे, यासाठी आयएस ११४१ हे वेगळे मानक आहे.

मराठवाड्यातील घरांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कूलर. खोलीत कूलर सुरू असताना आतली हवा दमट होते आणि बाहेरच्या ओसरीत कोरडी झळ असते. दोन्हींच्या मधे असलेल्या दाराची एक बाजू फुगते, दुसरी आकसते. दार बाहेरच्या बाजूला खोलगट होते. 'भर उन्हाळ्यात फक्त त्याच खोलीचे दार का अडकते', याचे उत्तर बहुधा हेच असते. ते रंधून घेण्याची घाई केली, तर कूलर बंद झाल्यावर तिथे कायमची फट राहते.

'एचटी' शिक्का असलेले लाकूड वाळवलेले असते का?

खोक्यांच्या आणि पॅलेटच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि 'एचटी' अशी अक्षरे असतात. 'भट्टीत तापवलेले आहे, म्हणजे सीझनिंग झाले' असे सांगून ते विकले जाते. हा गैरसमज आहे.

'एचटी' म्हणजे हीट ट्रीटमेंट. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये, यासाठीच्या 'आयएसपीएम १५' या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवले जाते. त्यात कीड मरते. पाणी निघेलच, असे नाही. वाळवलेल्या लाकडासाठी 'केडी', म्हणजे किल्न ड्राइड, ही वेगळी खूण असते. तीही लाकूड भट्टीतून बाहेर पडताना किती कोरडे होते, हे सांगते. नंतर ते पावसात उघड्यावर पडले असेल, तर ती खूण कामाची नाही.

वाळवण्याच्या पद्धतीने फरक पडतो का?

मोठा फरक पडतो. फळ्या एकावर एक नुसत्या रचल्या, तर मधल्या फळ्यांना हवा लागत नाही. म्हणून प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक सरळ रेषेत ठेवून थप्पी लावतात. पट्टी जागेवर नसेल, तर फळी तिथेच झोळ घेते आणि तशीच वाळते.

न्यूझीलंडमधील गिरण्यांमध्ये पाइन सुमारे १२० अंशांच्या भट्टीत, साधारण एका दिवसात वाळवण्याची पद्धत रूढ आहे. तिथे थप्पीवर काँक्रीटचे जड ठोकळे ठेवतात. वजनाखाली दबलेली फळी पीळ घेऊ शकत नाही. शेवटी वाफ देऊन आतील ताण कमी करतात. छोट्या वखारीत अशी भट्टी नसते. पण पट्ट्या लावणे, सावलीत ठेवणे, वर वजन ठेवणे आणि फळ्यांच्या टोकांना रंग फासणे कोणालाही जमते. टोकांतून पाणी सर्वात वेगाने जाते, म्हणून तिथेच आधी चिरा पडतात.

मग दोष कोणाचा?

सुतार बहुतेक वेळा ग्राहकाने आणलेल्या किंवा वखारीने दिलेल्या लाकडावर काम करतो. दार वाकले की पहिला फोन त्यालाच जातो आणि दुरुस्तीची मजुरी अनेकदा त्याला सोडावी लागते. लाकूड २० टक्के ओले असेल, तर कितीही कसबी हाताने केलेला जोड उघडणारच.

तरी काही गोष्टी सुताराच्या हातात असतात. पॅनेल दारातील मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवायची असते, चिकटवायची किंवा खिळ्याने ठोकायची नसते. ती खाचेत आकसते-फुगते आणि चौकट जागेवर राहते. जुन्या दारांत ही पद्धत दिसते. रुंद फळीऐवजी अरुंद पट्ट्या जोडल्या, तर प्रत्येकीचा वाक छोटा राहतो. ब्लॉकबोर्ड आणि फिंगर जॉइंट पाटे याच तत्त्वावर टिकतात. पॉलिश किंवा रंग दोन्ही बाजूंना आणि दाराच्या वरच्या-खालच्या कडांनाही सारखाच द्यावा लागतो. दिसत नाही म्हणून खालची कड कोरी सोडली, तर ओलावा तिथूनच आत-बाहेर करतो.

पाइन घेताना काय पाहावे?

- ओलावा मोजून घ्या : दोन सुयांचे छोटे मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळते. मीटर लाकडासाठीचे असावे, धान्याचे चालत नाही. पृष्ठभागावर लावले तर आकडा फसवा येतो. फळी मध्ये कापून ताज्या तोंडावर मोजा. मराठवाड्यात घरातील कामासाठी १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालचे लाकूड सुरक्षित समजता येईल.
- मीटर नसेल तर : फळीचा छोटा तुकडा स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये तोला. तो उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे घरात हवेशीर जागी ठेवून पुन्हा तोला. वजन लक्षणीय घटले, तर लाकूड वाळलेले नव्हते.
- फळीचे तोंड पाहा : वलये लहान आणि गोलाकार दिसत असतील किंवा मधला ठिपका दिसत असेल, तर ती ओंडक्याच्या मध्यातली आहे. दार-चौकटीला नको. वलये जवळपास उभी किंवा मोठ्या, सपाट कमानीसारखी असतील, तर ती बाहेरच्या भागातली. उभ्या वलयांची फळी रुंदीत सर्वात कमी आकसते.
- रंग पाहा : एका कडेला दाट, तांबूस, रुंद पट्टे असतील, तर ती फळी बाजूला काढा.
- डोळ्याने रेषा धरा : फळीच्या टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत पाहा. आज थोडा पीळ दिसत असेल, तर तो वाढण्याचीच शक्यता जास्त.
- लाकूड घरी मुरू द्या : काम सुरू करण्याआधी दोन-तीन आठवडे, पट्ट्या लावून, ज्या घरात वापरायचे तिथेच ठेवा. नव्या बांधकामात प्लास्टर ओले असताना ठेवू नका.
- बिलावर लिहून घ्या : 'पाइनवुड' एवढेच न लिहिता जात आणि ओलाव्याची टक्केवारी लिहून घ्या. वाद झाला तर तोंडी 'सीझनिंगचे आहे' याला आधार राहत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दार आधीच वाकले असेल तर?

नवे दार असेल, तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. फट किंवा घासणे ऋतूनुसार येत-जात असेल, तर ते हवेचे काम आहे. तेव्हा पावसाळ्यात जास्त रंधू नका. बिजागऱ्या थोड्या सरकवून आणि सर्व कडांना पॉलिश देऊन बरेचसे भागते. वाक दोन्ही ऋतूंत तसाच राहिला आणि मध्यावर अर्ध्या इंचाच्या पुढे गेला, तर दोष लाकडातच आहे. ती उभी पट्टी बदलणे हा उपाय. फटीत लांबी भरायची असेल, तर ती पावसाळ्याच्या अखेरीस भरू नका. तेव्हा लाकूड फुगलेले असते आणि फट लहान दिसते. उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. भर उन्हाळ्यात कडक लांबी ठासून भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला जागा राहत नाही. म्हणून अशा जोडात लवचीक भराव वापरणे किंवा फट झाकणारी पट्टी एकाच बाजूला ठोकणे, हा जास्त टिकणारा मार्ग आहे.